कॅसेटवर आईचं नाव

माझ्या आईला गाता येत नव्हतं. लग्नघरी हळदीची गाणी सुरू झाली की ती बायकांच्या मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवायची. रोवणीच्या दिवसांत बांधीत बाकीच्या बायका गात असायच्या आणि ही वाकून मुकाट्यानं धानाची रोपं लावत पुढे सरकायची. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायची, "माह्या घरी एक गाणारा हाय. पुरे तेवढा." आणि बायका हसायच्या, कारण आमच्या घरातला गाणारा म्हणजे माझे बाबा, आणि बाबा गायचे ते बाईच्या आवाजात.

तरीही अगदी मागच्या वर्षापर्यंत फोनवर आईचं नाव लिहिलं की एक गाणं यायचं. नवी सून बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभी राहून माहेरच्या वाटेकडे बघते, असं ते गाणं. खाली लिहिलेलं असायचं, गायिका, आणि त्यापुढे माझ्या आईचं नाव. आता ते तिथे नाही. ते कसं आलं आणि कसं गेलं, तेवढंच मला सांगायचं आहे.

आमचं गाव आरमोरीकडचं, वैनगंगेच्या अलीकडे. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आता वडशाच्या नाटक कंपन्या ट्रकभर सामान घेऊन येतात, नट्या नागपूरहून येतात. बाबांच्या तरुणपणी मात्र प्रत्येक गावाचं आपलं मंडळ असायचं आणि बाईचं काम गावातलाच कुणीतरी पुरुष करायचा. आमच्या गावात ते बाबांकडे आलं. अंगानं सडपातळ, चेहरा कोवळा, आणि गळा असा की पडद्याआडून गायले तर परगावचे लोक बाईच आहे म्हणून पैज लावायचे. दिवसभर नांगरामागे चालणारा माणूस रात्री पदर सावरत रंगमंचावर यायचा आणि समोर बसलेल्या बायका डोळे पुसायच्या.

त्यांना लुगडं मात्र कधीच नेसता आलं नाही. मंडळातले गडी कसंतरी गुंडाळून द्यायचे आणि ते अर्ध्या प्रवेशात सुटायला यायचं. म्हणून आईच त्यांना घरून नेसवून पाठवायची. स्वतःचं हिरवं, लाल काठाचं लुगडं ती पेटीतून काढायची, चुलीपुढून उठून हात पुसायची आणि बाबांच्या भोवती फिरत, दातांत पदर धरून, निऱ्या घालायची. बाबा हात वर करून पोरासारखे उभे राहायचे. मग वरून चादर पांघरून शाळेच्या मागच्या वाटेनं मंडपात जायचे, कारण सरळ रस्त्यावर पानठेला होता आणि पानठेल्यावर लोक.

पण लोक सगळीकडे असतात. हातपंपावर एखादी बाई आईला विचारायचीच, "काय वो, आज लुगडं कोण नेसणार हाय? तू का तो?"

"ज्याले शोभते तो," आई म्हणायची आणि हंडा उचलून चालू लागायची. तिला त्या कामाची लाज वाटायची की अभिमान, हे मला तिच्या शेवटापर्यंत कळलं नाही. कदाचित दोन्ही असेल.

नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर एक कॅसेटचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे चाचा म्हणत, मीही चाचाच म्हणते. ते मंडईला दुकान लावायला यायचे. एका वर्षी त्यांनी बाबांचं ते सुनेचं गाणं ऐकलं आणि मंडळाच्या मागेच लागले. गाणं लिहिलं होतं आमच्या शाळेतल्या गुरुजींनी, जे पुढे लवकरच वारले. चाचांची नागपूरच्या एका छोट्या कंपनीशी ओळख होती. धान कापून झालं तेव्हा मेटाडोर भरून मंडळ नागपूरला गेलं.

त्या दिवसाची हकिकत मी चाचांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की आपणच तिथे होतो असं मला वाटतं. भिंतींना गाद्या लावलेली खोली. पेटीवाले, ढोलकीवाले बसले. बाबा पँट-शर्टात मायकापुढे उभे राहिले आणि आवाजच लागेना. पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबणं. कंपनीचा माणूस वैतागला. बाबा म्हणाले, अंगावर लुगडं नाही तर मले ते बाई सापडत नाई. खोलीतले सगळे हसले. पण आईनं निघताना बाबांच्या पिशवीत भाकरीखाली ते हिरवं लुगडं घडी करून ठेवलं होतं. लागलं तर असू द्या, एवढंच म्हणाली होती. बाबांनी ते घडीचंच डोक्यावर आणि खांद्यावर घेतलं, डोळे मिटले, आणि गाणं एका दमात झालं. ढोलकीवाला शेवटची थाप मारायची विसरला, असं चाचा सांगतात. गाण्यात ती थाप खरंच नाही. मी लक्ष देऊन ऐकलं आहे.

मग कंपनीच्या माणसानं विचारलं, नाव काय छापायचं? या आवाजाखाली पुरुषाचं नाव छापलं तर लोक कॅसेट परत आणून देतील. एखाद्या बाईचं नाव सांगा.

आमच्याकडे नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतात, तेवढंच. आई बाबांना "अजी" म्हणायची, बाबा तिला "अवो" म्हणायचे आणि माझ्या जन्मानंतर "पोरीची माय". बाबांनी तिचं नाव उच्चारलेलं मी कधीही ऐकलं नव्हतं. त्या खोलीत ते कितीतरी वेळ जमिनीकडे बघत राहिले. मंडळातले लोक एका प्रसिद्ध नटीचं नाव सुचवत होते, कुणी देवीचं. मग बाबा काहीतरी पुटपुटले. "क्या बोले?" कंपनीच्या माणसानं विचारलं. बाबांनी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं. मायक अजून चालूच होता. काचेपलीकडच्यांनीही ते ऐकलं. "शादी के टाइम का दूल्हा दिखता था तेरा बाप," असं चाचा आजही सांगतात आणि स्वतःच लाजतात.

कॅसेट घरी आली तेव्हा मी नुकती वाचायला शिकले होते. आईला अक्षरओळख नव्हती. तिनं कॅसेट माझ्या हातात दिली आणि म्हणाली, वाच. मी बोट ठेवून वाचलं. आईनं पुन्हा वाचायला लावलं. मग ती बाबांकडे वळली. "अजी, सगळ्यांपुढे नाव घेतलं? लाज नाई वाटली?" बाबा बैलाला पाणी दाखवायला निघून गेले. आईनं कॅसेट फडक्यात गुंडाळून पेटीत त्या हिरव्या लुगड्याच्या घडीत ठेवली. आमच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हताच. पुढे बाजारात कुणी अनोळखी माणसानं "गाणं छान म्हटलं बाई" म्हटलं तर ती नाही म्हणायची नाही आणि हो पण म्हणायची नाही. पदर नीट करायची.

काही वर्षांनी नट्या आल्या आणि बाबांचं काम संपलं. त्यांनी तक्रार केली नाही. शेती होती, मी होते. घरातली शिकणारी मीच पहिली. दहावीनंतर मला ब्रह्मपुरीच्या कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा भावकीतले लोक खूप बोलले. त्यांना आईनं उत्तर दिलं आणि मला पहाटेच्या एसटीत बसवून दिलं. आज मी नागभीडच्या शाळेत शिकवते, चार लोक मला मॅडम म्हणतात, ते त्या दोघांमुळे. हे मी कुठेही लिहायची संधी सोडत नाही, म्हणून इथेही लिहिते.

आई माझी नोकरी लागायच्या आधीच गेली. साधा ताप म्हणता म्हणता मेंदूत गेला. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवं लुगडं शोधलं आणि पेटीतलं तेच, लाल काठाचं, तिला नेसवलं. कॅसेट तेवढी बाहेर काढून ठेवली. बाबा दारात उभे होते. निऱ्या नीट येत नव्हत्या, तर ते बायकांना म्हणाले, डावीकडून घाला.

त्यानंतर गाणं विसरलंच गेलं होतं. मग घरोघरी मोबाइल आले. कुठल्याशा शहरातल्या एका कंपनीनं जुन्या छोट्या कंपन्यांच्या कॅसेटी विकत घेऊन सगळी गाणी फोनवर टाकली. आमचं सुनेचं गाणं कसं कुणास ठाऊक पोरांना आवडलं. वरातीत डीजेवर वाजू लागलं, त्यावर पोरी नाचतानाचे व्हिडिओ करू लागल्या. एका लग्नात बाबा पंगतीत जेवत होते आणि मंडपाबाहेर ते सुरू झालं. बाबांचा घास हातातच राहिला. शेजारचा पोरगा म्हणाला, "बाबाजी, आवाज ऐका या बाईचा. असा आवाज आता कुठी हाय?" बाबा म्हणाले, "हो ना बाप्पा."

आमच्या शाळेतल्या संगीताच्या सरांना मी हे सगळं एकदा सांगितलं. त्यांनी मला समजावलं की आता कायदा बदलला आहे. पूर्वी कंपनीनं गाणाऱ्याच्या हातावर एकदा काहीतरी ठेवलं की विषय संपायचा. आता गाणं जिथे जिथे वाजेल तिथला काही वाटा गाणाऱ्यालाही मिळतो, आणि त्या गाण्यावर त्याचं नाव असणं हाही त्याचा हक्क आहे. मी रविवारी गावी जाऊन बाबांना हे सांगितलं. मला वाटलं होतं ते किती मिळेल म्हणून विचारतील. ते म्हणाले, "नाव बी लावतेत का?"

मी म्हटलं, आधी नावच लावतात.

बाबा थोडा वेळ तुरीच्या शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "मंग लाव. मेल्यावर लोकाईनं म्हटलं पाहिजे, हा याचा आवाज होता. जितेपणी त नुसते हसले." बाबांनी माझ्याजवळ आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

मी कंपनीला लिहिलं. फोनवर एक मुलगी फार सभ्यपणे बोलली. तिच्यासमोर असलेल्या माहितीत गाणारी बाई होती. मी सगळं सांगितल्यावर तिनंच सोपा मार्ग सुचवला. बाई वारल्या आहेत, त्यांचे पती हयात आहेत, तर त्यांनी वारस म्हणून अर्ज करावा. मृत्यूचा दाखला जोडला की काम होईल. तिचा हेतू चांगला होता. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ते गायलीच नाई. तिच्या नावावर मी कसा खाऊ?"

मग कंपनीनं आवाजाचा नमुना मागितला. संगीताच्या सरांनी सुट्टीच्या दिवशी वर्गात पेटी आणली. चाचा साक्षीदार म्हणून आले होते, आता ते मोबाइलची कव्हरं विकतात. बाबांनी सुरुवात केली, थांबले, पुन्हा केली. मला माहीत होतं ते काय शोधत आहेत. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. आवाज आला तो म्हाताऱ्या माणसाचा, फाटलेला, वरच्या सुरावर नुसती हवा. चाचा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. सरांनी पेटी मिटली आणि म्हणाले, "बाबा, छान झालं." बाबा म्हणाले, "सर, मले ऐकू येते."

तरी आम्ही तो नमुना पाठवला, चाचांचं म्हणणं लिहून पाठवलं. उत्तर आलं की आवाज जुळत नाही, पण नोंदीतली बाई गायलीच नाही असं तुमचं म्हणणं असेल तर तसं प्रतिज्ञापत्र द्या, पुढे बघू. आम्ही आरमोरीला तहसीलमध्ये गेलो. बाहेर टिनाखाली अर्जनवीस बसतात. त्यांतल्या एकानं टाइप केलं आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी मयत पत्नी, पुढे तिचं नाव, हिने सदर गाणे गायलेले नाही व तिचा सदर गाण्याशी काहीही संबंध नाही.

बाबांनी पेन खाली ठेवला. "काहीही संबंध नाई, हे काऊन लिवलं?"

"तसंच लिहा लागते बाबाजी."

"संबंध कसा नाई? लुगडं त तिचं होतं."

अर्जनवीस भला माणूस होता. त्यानं मान हलवली, चष्मा पुसला. "कायद्यात लुगडं नाई येत," तो म्हणाला. ते वाक्य काढलं तर कागदाला अर्थ राहणार नाही, असं त्यानं मला बाजूला घेऊन समजावलं. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी सही न करताच कागद घडी करून खिशात घातला आणि आम्ही एसटीनं परत आलो. मी आग्रह केला नाही.

उन्हाळ्यात मुलीला घेऊन मी बाबांकडे राहायला गेले. तिनं तिच्या आजीला पाहिलेलं नाही. अंगणात मैत्रिणींना ती फोनवर ते गाणं ऐकवत होती आणि सांगत होती, ही माझी आजी, किती फेमस होती माहीत आहे का. बाबा खाटेवर होते. ते म्हणाले, "ते मी आहो, बाई." पोरी खो खो हसल्या. माझी मुलगी पण हसली. "आबा, काहीही सांगता तुम्ही! तुम्ही बाईसारखं कसं गाल?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. बाबाही हसले. मी ओसरीवरून बघत होते. त्यांचं हसू ओठांवर बराच वेळ तसंच राहिलं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून माझ्यासमोर उभे राहिले. "चाल, तहसीलले."

या वेळी त्यांनी अर्जनवीसाला काही विचारलं नाही. नाटकाची वही वाचता यावी म्हणून गुरुजींनी शिकवलेली अक्षरं त्यांनी सावकाश काढली आणि सही केली. सहीच्या वरच्या ओळीत आईचं नाव होतं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

कंपनीनं त्यातलं अर्धं काम लगेच केलं. आईचं नाव गेलं. बाबांचं मात्र आलं नाही. आई गायली नाही यासाठी तिच्या नवऱ्याचा शब्द पुरेसा होता, पण तो स्वतः गायला यासाठी त्या काळचा कागद हवा, जुन्या कंपनीचा. जुनी कंपनी बंद पडून किती वर्षं झाली, मालकही हयात नाही. आता गाण्याखाली गीतकार म्हणून आमच्या गुरुजींचं नाव आहे आणि गायिकेच्या जागी लिहिलं आहे, पारंपरिक. म्हणजे कुणाचंच नाही.

सर म्हणतात दाद मागता येते, वेळ लागतो. त्यांनीच एका वकिलांशी गाठ घालून दिली. वकील फी घेत नाहीत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मी जमेल तसं लिहीत असते, जातही असते. चाचांनी अजून एकदा साक्ष दिली. पण बाबांची तब्येत आता बरी नसते आणि वेळ लागतो या शब्दाचा अर्थ आम्हा दोघांनाही कळतो.

सध्या ते माझ्याकडे असतात. संध्याकाळी मी शाळेतून आले की विचारतात, "आलं का?" मी नाही म्हणते. मग ते गाणं लावायला सांगतात. पहिल्यांदा मी सवयीनं आईचं नाव लिहिलं, तर काहीच आलं नाही. दुसऱ्याच कुणा बायका आल्या. आता गाण्याचे शब्द लिहून शोधावं लागतं.

बाबा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकतात. न वाजलेल्या त्या शेवटच्या थापेच्या जागी त्यांचं एक बोट खाटेच्या काठावर पडतं. आणि मग ते आईचं नाव घेतात. आधी पुटपुटल्यासारखं, आणि मग, कुणीतरी पुन्हा विचारल्यासारखं, मोठ्यानं.